कारंजं, क्लिप आणि नगराध्यक्ष: एका टिंगलीचं प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका 'ब' वर्ग नगरपरिषदेतलं, २०१९ च्या दुष्काळातलं आहे. ओळख पटू नये म्हणून शहर, पक्ष आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत, काही बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि प्रत्येक वळणावरची कारणं मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत.

'पुढाऱ्यांना आता कुणी मान देत नाही, सगळे नुसती खिल्ली उडवतात' ही तक्रार सगळ्याच पक्षांची माणसं करतात. तक्रार खोटी नाही. पण मान नेमका कुठल्या दिवशी आणि कुणाच्या कोणत्या निर्णयाने गेला, हे कुणी तपासत नाही. या प्रकरणात ते तपासता येतं.

पार्श्वभूमी

नगराध्यक्ष २०१६ च्या निवडणुकीत थेट जनतेतून निवडून आलेले. थेट निवडणुकीत अनेक ठिकाणी झालं तेच इथेही झालं: नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं. त्यामुळे पहिली दोन वर्षं विषयपत्रिकेवरच्या प्रत्येक ठरावासाठी ओढाताण झाली. माणूस कामाचा, रोज सकाळी मोटारसायकलवर फेरी मारणारा. गावातली वडीलधारी माणसं त्यांना 'आबा' म्हणायची, कार्यकर्ते 'साहेब'. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

मुख्य चौकातल्या कारंजाचा ठराव २०१७ मधला. पैसे वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीच्या विशेष अनुदानातून आलेले. हे अनुदान ज्या कामासाठी मंजूर होतं त्याच कामावर खर्च करावं लागतं, पाइपलाइनकडे वळवता येत नाही. ठराव झाला तेव्हा धरणात पाणी होतं. काम लांबलं. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात हा तालुकाही होता. मार्च उजाडला तेव्हा शहरात नळाला आठ ते दहा दिवसांनी पाणी येत होतं, तेही रात्री-अपरात्री.

लोकसभेची आचारसंहिता १० मार्च २०१९ ला लागली. ती लागण्याआधी सगळीकडे उद्घाटनांची घाई उडते, तशी इथेही उडाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कारंजं सुरू करायचं ठरलं. कंत्राटदाराने नोझलची चाचणी घेतलीच नव्हती. टाकीत पाणी नव्हतं, म्हणून आदल्या संध्याकाळी नगरपरिषदेच्या टँकरच्या दोन खेपा टाकून ती भरली. टाकी २० हजार लिटरची. टँकरवर अवलंबून असलेल्या गावांसाठी माणशी दिवसाला २० लिटर हे सरकारी माप धरलं, तर तेवढं पाणी हजार माणसांना एक दिवस पुरतं. चौकातल्या बायका हंडे घेऊन उभ्या होत्या आणि टँकर त्यांच्यासमोर कारंजात रिकामा होत होता.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं. दाब जास्त, वर वारा. फवारा आडवा होऊन थेट पांढऱ्या कपड्यांतल्या नगराध्यक्षांवर आला आणि ते टुणकन मागे उडाले. कुणीतरी हे टिपलं. रात्रीपर्यंत त्या काही सेकंदांच्या क्लिपवर एका बाईचा आवाज चढवलेला होता: 'आबा, आमच्या नळाला कधी?' दोन दिवसांत 'कारंजाध्यक्ष' हे नाव पडलं. २१ मार्चला धुळवडीच्या दिवशी पोरांनी रिकाम्या बादल्यांची मिरवणूक काढून कारंजाची पूजा मांडली.

प्रश्न नेमका काय होता

नगराध्यक्षांच्या जवळच्या लोकांनी प्रश्न असा मांडला: 'साहेबांची बदनामी चालली आहे, ती थांबवायची.' ही मांडणीच चुकली. क्लिपमध्ये खोटं काहीच नव्हतं. पाणी अंगावर उडालं होतं, टँकर कारंजात गेला होता आणि 'नळाला कधी?' या प्रश्नाला नगरपरिषदेकडे उत्तर नव्हतं. कुठल्या भागात कधी पाणी सोडायचं हे व्हॉल्वमनच्या वहीत असायचं, आणि ती वहीसुद्धा नीट भरलेली नसायची.

टिंगल महाराष्ट्राला नवी नाही. शिमग्याची बोंब, तमाशाच्या वगातला राजा आणि प्रधान, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांनी मंत्र्यांवर चालवलेली लेखणी, १९६० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांनी व्यंगचित्रांवर उभं केलेलं साप्ताहिक, हे सगळं इथलंच. दिल्लीत १९४८ मध्ये व्यंगचित्रकार शंकर यांनी साप्ताहिक काढलं, तेव्हा 'मलाही सोडू नका' असं पंतप्रधान नेहरूंनी त्यांना सांगितलं होतं. तेव्हाचे पुढारी टीका सोसणारे आणि आजचे हळवे, असा सोपा निष्कर्ष यातून काढू नये. फरक दुसरीकडे आहे. पूर्वीच्या टिंगलीला मालक होता. लिहिणाऱ्याचं नाव छापलेलं असायचं, वर संपादक असायचा, ज्याच्यावर लिहिलं तो पुढच्या अंकात त्याच पानावर उत्तर देऊ शकायचा, आणि वाचणारेही तेच असायचे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या क्लिपला मालक नसतो. ती पाहणारे आणि तिचं उत्तर पाहणारे हे दोन वेगळे गट असतात. म्हणून 'खुलासा करा' हा जुना सल्ला अर्धाच चालतो, आणि 'ज्याने केलं त्याला गाठा' हा सल्ला तर चुकीच्याच माणसापाशी नेतो.

पहिलं वळण: माफीचा व्हिडिओ

धुळवडीनंतर तिसऱ्या दिवशी चार-पाच कार्यकर्ते एका कॉलेजच्या मुलाला संपर्क कार्यालयात घेऊन आले. तो गावाच्या नावाने एक फेसबुक पान चालवायचा. मूळ क्लिप त्याने केलीच नव्हती, फक्त पुढे टाकली होती. त्याला दीड-दोन तास बसवून ठेवलं, मारहाण केली नाही. शेवटी हात जोडून 'साहेबांची माफी मागतो' असं बोलायला लावून व्हिडिओ काढला आणि कार्यकर्त्यांनीच तो सगळ्या ग्रुपांवर टाकला.

सगळ्या प्रकरणातला सर्वांत महाग निर्णय हाच, आणि तो नगराध्यक्षांनी घेतलेलाच नव्हता. ते त्या दिवशी लोकसभेच्या प्रचाराला बाहेरगावी होते. पण व्हिडिओत मागे त्यांचाच फोटो होता.

त्या व्हिडिओने तीन गोष्टी झाल्या. तोपर्यंत हसणारे लोक चिडले. अंगावर पाणी उडालेल्या माणसाला हसता येतं, हात जोडलेल्या पोराला हसता येत नाही. दुसरं म्हणजे मुलाच्या समाजाचे लोक एकत्र आले आणि पाण्याचा प्रश्न जातीचा होऊ लागला. तिसरी गोष्ट कमी दिसली पण जास्त लागली: 'आबा' म्हणणारी वडीलधारी माणसं गप्प झाली. तोवर चहाच्या टपरीवर ती म्हणायची, 'अरे, पाणी उडालं, त्यात त्याचा काय दोष.' आता बाजू घ्यायला तोंड राहिलं नाही. मान गेला तो इथे. क्लिपने त्यांना हास्यास्पद केलं होतं, व्हिडिओने दांडगट ठरवलं.

कार्यकर्त्यांनी असं का केलं, हेही समजून घ्यायला हवं. आपल्याकडे कार्यकर्त्याची निष्ठा मोजली जाते ती नेत्याच्या अपमानावर तो किती लवकर उसळतो यावर. काळं फासणं, माफी मागायला लावणं, कार्यालय फोडणं ही निष्ठेची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दिसणारी पावती असते. पाणीपट्टीच्या तक्रारी लिहून घेणारा कार्यकर्ता कुणाच्या नजरेत भरत नाही. मुलाला आणणाऱ्यांपैकी दोघं पुढच्या पालिका निवडणुकीत तिकिटाचे इच्छुक होते. माफीचा व्हिडिओ लोकांपेक्षा साहेबांना दाखवायचा होता.

दुसरं वळण: पोलीस ठाणं

मार्चच्या शेवटी पोलीस ठाण्यात तक्रार गेली. तीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लिहिलेलं होतं. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर टाकणं गुन्हा ठरवणारं हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलं होतं. त्या निकालामागची एक घटना महाराष्ट्रातलीच: नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती. तरी चार वर्षांनंतरही ठाण्यांत आणि वकिलांच्या जुन्या नमुन्यांत हे कलम फिरत होतं. ते लावू नका हे २०२२ मध्येही सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावं लागलं.

पोलीस निरीक्षकांनी ते कलम खोडलं. उरली बदनामी, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं ४९९ आणि ५००. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा. पोलीस नोंद घेतात आणि तक्रारदाराला न्यायालयाची वाट दाखवतात, दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. शिवाय ४९९ ला अपवाद आहेत: सार्वजनिक कामाविषयी सद्भावनेने व्यक्त केलेलं मत बदनामी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फौजदारी बदनामीची तरतूद वैध ठरवली, हे खरं. पण 'नळाला कधी?' हा प्रश्न तिच्यात बसवणं अवघड होतं. आज हेच प्रकरण घडलं तर कलम भारतीय न्याय संहितेचं ३५६ लागेल. अदखलपात्र हा दर्जा तोच आहे, शिक्षेत समाजसेवेचा पर्याय वाढला आहे.

मग मधला मार्ग निघाला. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली काही ग्रुप अॅडमिनना नोटिसा गेल्या. या नोटिशीचा आधार असतो दखलपात्र गुन्हा रोखण्याचा, आणि बदनामी तर दखलपात्रच नाही. म्हणजे पायाच कच्चा होता. परिणाम असा झाला की जुने ग्रुप आठवडाभर शांत झाले आणि तीच माणसं नव्या ग्रुपांवर गेली. तिथे त्यांना ओळखणारे, आवरणारे कुणी नव्हते. जुन्या ग्रुपमध्ये नगरसेवक असायचे, शिक्षक असायचे. कुणी आईबहिणीवर गेलं की 'ए, हे काढ' म्हणणारं माणूस तिथे असायचं. नोटिशीने नेमकं ते माणूस बाजूला केलं.

याच काळात टिंगलीचा पोत बिघडला. एक भाषण कापून उलट्या अर्थाने फिरवलं गेलं. नगराध्यक्ष म्हणाले होते, 'कुणी म्हणत असेल की मे महिन्यात पाणी मिळणार नाही, तर ते खोटं आहे.' फिरलं एवढंच: 'मे महिन्यात पाणी मिळणार नाही.' त्यानंतर त्यांच्या पत्नीचा चेहरा लावून केलेलं एक अश्लील चित्र आलं.

पर्याय काय होते

एप्रिलमध्ये मतदान आटोपल्यावर नगराध्यक्ष, एक ज्येष्ठ वकील, पाणीपुरवठ्याचे माजी अभियंता आणि दोन नगरसेवक बसले. मुख्याधिकाऱ्यांना बोलावलं नाही. आचारसंहिता उठलेली नव्हती आणि ही बैठक राजकीय होती. बैठकीत पुढचे मार्ग चर्चेला आले.

न्यायालयात बदनामीची फिर्याद. वकिलांनी स्वतःच विरोध केला. फिर्याद दाखल केली की तारखेला स्वतः उभं राहावं लागतं, उलटतपासणीत टँकरच्या खेपा निघतात आणि प्रत्येक तारखेला क्लिप पुन्हा फिरते.

गप्प बसणं. बरेच अनुभवी लोक हेच सांगतात, आणि पुष्कळदा ते बरोबर असतं. चेष्टा चेहऱ्यावर, चालीवर, कपड्यांवर असेल तर ती आठ-दहा दिवसांत आपोआप विझते. इथे विझत नव्हती, कारण नळ कोरडा राहिला की दर आठवड्याला क्लिप नव्याने खरी ठरायची.

आपणच विनोद करणं. एका नगरसेवकाने सुचवलं की आबांनी छत्री घेऊन कारंजाजवळ फोटो काढावा. हा सल्ला मोहात पाडतो. स्वतःवर हसणारा नेता लोकांना आवडतो. पण ज्या घरात दहा दिवस पाणी नाही, तिथे तो फोटो आपल्या तहानेची चेष्टा म्हणून पोचला असता. अभियंत्यांनी हा मार्ग फेटाळायला लावला, आणि तो निर्णय अगदी योग्य होता.

खरी बाजू मांडणं: अनुदान बांधील होतं, ठराव दुष्काळाआधीचा होता. हे शंभर टक्के खरं होतं आणि जवळजवळ निरुपयोगी. लोकांचा राग कारंजं बांधल्याचा नव्हताच, ते टँकरने भरल्याचा होता. न विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं तरी लोकांना ती पळवाट वाटते.

शेवटचा मार्ग होता 'नळाला कधी?' याचंच उत्तर द्यायचं. त्याला वेळ लागणार होता, आणि त्याने टिंगल थांबेल याची खात्री कुणालाच नव्हती. तरी तोच घेतला.

काय केलं

आधी वर्गवारी केली. फिरत असलेल्या सगळ्या गोष्टी एका नगरसेवकाने जमवल्या आणि त्यांचे चार ढीग पाडले. कामावरची टीका, मग ती कितीही बोचरी असो, पहिल्या ढिगात: तिला उत्तर द्यायचं. माणसाच्या दिसण्याबोलण्याची चेष्टा दुसऱ्यात: तिला हात लावायचा नाही, कार्यकर्त्यांनीही नाही. तथ्य बदलून केलेलं खोटं तिसऱ्यात: त्याला पुराव्यानिशी उत्तर. कुटुंब, स्त्रिया, जात यांच्यावरचा हल्ला चौथ्यात: तिथे कायदा, आणि तक्रार ज्याच्यावर हल्ला झाला त्याच व्यक्तीने करायची. सर्वांत जास्त माल दुसऱ्या ढिगात निघाला, आणि तोवरची सगळी ताकद तिथेच खर्च झाली होती.

चौथ्या ढिगासाठी नगराध्यक्षांच्या पत्नीने स्वतः तक्रार दिली. दंड संहितेचं कलम ५०९ (स्त्रीच्या विनयाचा अपमान) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ (अश्लील मजकूर पसरवणं) लागलं. ही दखलपात्र कलमं असल्याने तपास लगेच सुरू झाला. इथे एक काळजी घेतली ती नोंदवण्यासारखी आहे: चित्र पुढे न पाठवता एकाच फोनवर ठेवलं, ते कुणाकडून आणि किती वाजता आलं हे लिहून काढलं, आणि तो फोन पोलिसांना दाखवला. 'बघा, किती घाण' म्हणत समर्थकच असं चित्र पसरवतात, हे नेहमी घडतं.

कापलेल्या भाषणाच्या बाबतीत नुसतं 'हे खोटं आहे' म्हटलं नाही. पूर्ण भाषणाचा व्हिडिओ टाकला, आधी कापलेला तुकडा आणि लगेच त्यापुढे मूळ वाक्य अशा क्रमाने. तो स्थानिक वार्ताहरांना स्वतंत्रपणे दिला, कारण ग्रुपांवर कापलेला तुकडा पाहिलेल्यांपर्यंत मूळ भाषण पोचणार नव्हतं.

पाण्याचं काम मात्र मुख्याधिकाऱ्यांमार्फतच झालं. आचारसंहितेत नवी घोषणा करता येत नाही, पण टंचाईचं चालू काम थांबत नाही. म्हणून वेळापत्रकावर नगराध्यक्षांचं नाव नाही, फोटो नाही, फक्त नगरपरिषद. शहर जलकुंभांप्रमाणे अकरा भागांत विभागलेलं होतं. प्रत्येक भागाला पुढची तारीख, वेळेचा दोन तासांचा पट्टा आणि व्हॉल्वमनचा नाही तर कार्यालयातल्या लिपिकाचा नंबर दिला. व्हॉल्वमनचा नंबर दिला असता तर वशिल्याचे फोन त्याच्यावर गेले असते. वेळ चुकणार असेल तर आदल्या संध्याकाळी सहाच्या आत कळवायचं, आणि सकाळी घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगायचं. घंटागाडी प्रत्येक गल्लीत जाते, व्हॉट्सअॅप प्रत्येक म्हातारीच्या हातात नसतो.

पहिल्या फेरीत चार भागांच्या वेळा चुकल्या. दोन ठिकाणी वीज गेली, एका ठिकाणी मुख्य वाहिनी फुटली, आणि एका भागात व्हॉल्वमनने नेहमीच्या सवयीने नगरसेवकाच्या गल्लीला आधी पाणी सोडलं. चौथी चूक लोकांनीच पकडली, कारण आता पकडायला छापील कागद होता. त्या व्हॉल्वमनची बदली झाली. नगरसेवक नगराध्यक्षांच्याच पक्षाचा होता, त्यामुळे हा निर्णय सोपा नव्हता. पण वेळापत्रकावर लोकांचा विश्वास बसला तो या बदलीनंतर.

कारंजं बंद करायचं की नाही यावर वाद झाला. बंद केलं तर चूक कबूल केल्यासारखं होईल, असं दोघांचं म्हणणं. शेवटी बंद केलं, आणि पावसाळ्यापर्यंत टाकी भरणार नाही अशी पाटी लावली. कबुलीची भीती होती तेवढं काही झालं नाही. लोकांनी पाटीचे फोटो काढले, हसले आणि पुढे गेले.

मे अखेरीस आचारसंहिता उठल्यावर प्रभागवार प्रश्नोत्तरं सुरू झाली. पहिली सभा फसली. मंडप, हार, शाल-श्रीफळ, आणि एका नगरसेवकाचं लांबलचक प्रास्ताविक. मागून शिट्ट्या सुरू झाल्या, कुणीतरी 'कारंजं चालू करा' ओरडलं आणि सभा उधळली. दुसऱ्या सभेपासून व्यासपीठ काढलं. खुर्च्या गोलात, सत्कार बंद, प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचे, आणि चिठ्ठी नगराध्यक्षांनी नव्हे तर त्या प्रभागातल्या शिक्षकाने वाचायची. अभियंता शेजारी. उत्तर नसेल तर 'उत्तर नाही, अमुक तारखेला देतो' असं म्हणून ते फलकावर लिहायचं. शिट्ट्या पूर्ण थांबल्या नाहीत. पण आपली चिठ्ठी पेटीत असली की माणूस शेजारच्या शिट्टी मारणाऱ्याला गप्प करतो, हे तिथे प्रत्यक्ष दिसलं.

माफीच्या व्हिडिओचं काय, हा प्रश्न शेवटपर्यंत टाळला जात होता. जूनमधल्या सर्वसाधारण सभेत नगराध्यक्षांनी उभं राहून सांगितलं की त्या मुलाला बसवून घेऊन माफी मागायला लावणं गैर होतं, ते आपल्या कार्यालयात झालं म्हणून जबाबदारी आपली आहे, आणि हे इतिवृत्तात नोंदवावं. त्यांनी मुलाला भेटायला बोलावलं. तो आला नाही. त्याच्या वडिलांनी निरोप दिला की विषय संपवा. त्याचा हा नकार कुणी वेगळ्या रंगात रंगवला नाही, हे चांगलं झालं.

निष्पत्ती

टिंगल थांबली नाही. 'कारंजाध्यक्ष' हे नाव आजही गावात ऐकू येतं. बदल झाला तो तिच्या रोखात. जुलैपर्यंत नव्या क्लिप येत होत्या त्या बहुतेक वेळापत्रक चुकल्याच्या: 'सहा ते आठ म्हणाले, नऊ वाजले, घंटागाडी झोपली का?' कार्यालयाकडे येणारे फोन 'पाणी कधी?' वरून 'ठरलेली वेळ का चुकली?' कडे वळले. हे लहान वाटेल, पण दुसऱ्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत आहे: नगरपरिषद शब्द देते आणि तिला त्या शब्दावर पकडता येतं. लोकशाहीत सार्वजनिक पदाला मिळणारा मान मुख्यतः याच जातीचा असतो. पाया पडण्याचा मान त्याहून वेगळा, आणि तो गेला तर फार रडू नये.

पत्नीच्या चित्राच्या प्रकरणात आरोपी सापडला, पण दोषारोपपत्र दाखल व्हायला वर्ष उलटलं. कापलेलं भाषण मात्र पूर्णपणे कधीच पुसलं गेलं नाही. ऑक्टोबरच्या विधानसभा प्रचारात ते पुन्हा वर आलं. या वेळी वार्ताहरांकडे मूळ व्हिडिओ होता, म्हणून दोन दिवसांत विषय बसला.

मतदारांनी या सगळ्याचा हिशेब कसा केला असता, ते कळलं नाही. मुदत संपल्यावर राज्यातल्या इतर नगरपरिषदांसारखा इथेही प्रशासक आला आणि निवडणुका थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या.

वेगळं काय करता आलं असतं

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी, टँकर चौकात शिरला तेव्हा, एका फोनवर हे सगळं टळलं असतं. टाकी रिकामी ठेवून कोरडं उद्घाटन करणं किंवा ते पावसाळ्यानंतर ढकलणं, दोन्ही शक्य होतं. आड आली ती आचारसंहितेची तारीख. उद्घाटनाची यादी करताना प्रत्येक कामापुढे 'हे काम आज लोकांच्या कोणत्या अडचणीसमोर उभं राहणार आहे?' असा एक रकाना असता, तर कारंजं त्या यादीतून गळलं असतं.

माफीच्या व्हिडिओनंतर नगराध्यक्षांनी चोवीस तासांत बोलायला हवं होतं. जूनमध्ये जे तीन वाक्यांत सांगितलं तेच मार्चमध्ये सांगितलं असतं तर प्रकरण जातीकडे वळलं नसतं. तेव्हा अडचण होती कार्यकर्ते दुखावण्याची, प्रचार ऐन भरात असताना. ती भीती खरी होती. पण मुलाला आणणाऱ्यांपैकी एकाने पुढे पक्ष सोडलाच, म्हणजे तीन महिने गप्प राहूनही तो टिकला नाही.

कार्यकर्त्यांसाठी आधीच ठरलेली, तोंडी नव्हे तर लिहिलेली सूचना हवी: नेत्यावरच्या कुठल्याही मजकुराबद्दल कुणीही कुणाच्या घरी, दुकानी, कॉलेजात जायचं नाही. असा मजकूर दिसला तर तो कुणाकडे द्यायचा, त्या एका माणसाचं नाव त्या सूचनेत असावं. बहुतेक कार्यालयांत पत्रकार परिषदेच्या खुर्च्या कशा लावायच्या याच्या सूचना असतात, याची नसते.

१४९ च्या नोटिसा पाठवायला नको होत्या. त्याऐवजी ज्या ग्रुपांत शिक्षक, डॉक्टर, निवृत्त कर्मचारी होते, त्या ग्रुपांत वेळापत्रक टाकून थेट प्रश्न घेतले असते तर आवरणारी माणसं हाताशी राहिली असती.

आणि वेळापत्रक. ते करायला ना ठराव लागला, ना निधी. लागले ते अकरा जलकुंभांच्या वह्या, एक लिपिक आणि घंटागाडीचा भोंगा. डिसेंबर २०१८ मध्येही हे सगळं नगरपरिषदेत होतंच.